आरपार

पातळ कोझो कागदावर इंकजेट प्रिंटरने छायाचित्र छापायचं, तर त्याला आधार म्हणून खाली एक जाड कागद जोडावा लागतो. छपाई झाल्यावर हा आधार अलगद सोडवला, की त्याच्यावरही तेच चित्र दिसतं. फिकट, ठिपक्याठिपक्यांचं, पण ओळखू येणारं. तेही आरशातल्यासारखं उलटं नव्हे, सुलटंच. वरच्या कागदाच्या धाग्यांमधून निसटलेली शाई थेट खाली उतरलेली असते. छापणारे वैतागतात, कारण शाई वाया गेली आणि काळा रंग हवा तेवढा गडद आला नाही. पण शाई आरपार जाऊ देणं ही या कागदाची खोड नव्हेच. याच गुणामुळे त्याला एके काळी जगभरातून मागणी होती.

पातळ म्हणजे किती? झेरॉक्सचा नेहमीचा ए-४ कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो. जपानच्या कोची प्रांतातली हिदाका वाशी ही कंपनी जो सर्वांत पातळ कागद करते, त्याचं वजन चौरस मीटरला १.६ ग्रॅम आहे. म्हणजे ए-४ आकाराचा ताव ०.१ ग्रॅमचा, आणि असे सुमारे ४७ ताव मिळून झेरॉक्सचा एक कागद. हा कागद जीर्ण ग्रंथ आणि चित्रं सांधायला जगभरच्या संग्रहालयांत जातो. छपाईसाठी एवढं टोक कुणी गाठत नाही. तोकुशिमाच्या अवागामी या कागदशाळेचा इंकजेटसाठीचा ‘मुराकुमो कोझो’ ४२ ग्रॅमचा आहे, म्हणजे साधारण वर्तमानपत्राच्या कागदाइतका.

एवढा पातळ कागद फाटत का नाही, याचं उत्तर हौदात आहे. कोझो हे तुतीच्या कुळातलं झुडूप. त्याच्या सालीचा धागा सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो; लाकडाच्या लगद्यातला जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. इतके लांब धागे नुसत्या पाण्यात सोडले तर त्यांचा गुंता होतो. म्हणून जपानी कागदी हौदात ‘नेरी’ घालतात. नेरी म्हणजे तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा चिकट रस, आणि हे झाड आपल्या भेंडीच्या सख्ख्या भावकीतलं. भेंडी चिरताना बोटांना जी तार लागते, तशीच तार इथे धागे तरंगत ठेवते आणि चाळणीतून पाणी सावकाश गळू देते. तेवढ्या अवधीत कागदी साचा पुढेमागे, डावीउजवीकडे हिसडत राहतो आणि धागे एकमेकांत अडकत जातात. उकाड्यात नेरीची तार तुटते. म्हणून या कामाचा खरा हंगाम कडाक्याच्या थंडीचा, हात बधिर करणाऱ्या पाण्याचा.

कोचीचं जुनं नाव तोसा. तिथल्या नियोदो नदीकाठच्या इनो गावात १८२६ साली योशिई गेंता यांचा जन्म झाला. जपानबाहेर त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. १८६० साली त्यांनी कागद उचलण्याचा मोठा साचा तयार केला. साचा एकदा बुडवला की पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कागद निघू लागला. पुढे १८८०च्या सुमारास त्यांनी मूळच्या मिनो भागातल्या ‘तेंगुजो’ या तलम कागदाची तोसाची आवृत्ती सिद्ध केली. जाडी सुमारे ०.०३ मिलिमीटर. एवढं करून त्यांनी आपली रीत घराण्याच्या पेटीत कुलूपबंद केली नाही, इतर प्रांतांतल्या कागद्यांनाही शिकवली. १९०८ साली ते वारले, तोवर तोसाचा कागद परदेशी जहाजांत चढू लागला होता.

परदेशाला तो हवा होता स्टेन्सिलसाठी.

डेव्हिड गेस्टेटनर हा हंगेरीत जन्मलेला माणूस नशीब काढायला अमेरिकेत गेला आणि शिकागोच्या रस्त्यावर जपानी पतंग विकू लागला. त्या पतंगांच्या लांब धाग्यांच्या कागदावरून त्याला स्टेन्सिलची युक्ती सुचली, अशी हकीकत त्याच्याबद्दल सांगतात. पक्की गोष्ट एवढी की १८८१ साली त्याने लंडनमध्ये सायक्लोस्टाइल लेखणीचं पेटंट घेतलं. तलम जपानी कागदावर मेणाचा थर द्यायचा. लेखणीने किंवा टाइपरायटरच्या खिळ्याने त्या जागचं मेण बाजूला सारायचं. मेण हटतं, पण लांब धागे तुटत नाहीत, आणि त्या जाळीतून शाई पाझरून खालच्या कागदावर अक्षर उमटतं. साधा कागद असता तर ‘ठ’चं किंवा ‘o’चं पोट कधीच गळून पडलं असतं.

मराठी वाचकांच्या एका पिढीने सहामाहीच्या प्रश्नपत्रिका अशाच वाचल्या, बोटांना लागणाऱ्या शाईसकट. १९५४ साली मुंबईत सुरू झालेलं ‘शब्द’ हे अनियतकालिकही सायक्लोस्टाइलवरच निघत होतं. छापखान्याचं बिल परवडत नसलेल्या कवींना या स्वस्त यंत्राने वाट करून दिली.

आता या कागदावर छापणाऱ्या इंकजेटकडे वळू. त्याचा इतिहास दोन वाक्यांत सांगण्याजोगा आहे. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेला सोल्डरिंग आयर्न लागला आणि शाईची चिळकांडी उडाली. १९८४ साली एचपीने थिंकजेट बाजारात आणला. कलेच्या छपाईत हे तंत्र शिरलं ते मात्र ग्रॅहम नॅश या गायकामुळे. त्याने १,२६,००० डॉलरचा आयरिस ३०४७ प्रिंटर घेतला आणि १९९१ साली कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईशाळा उघडली. तिथल्या जॅक दुगान यांनी ‘इंकजेट’ हा कचेरीतला शब्द टाळण्यासाठी फ्रेंचवरून ‘जिक्ले’ हे नाव काढलं. फ्रेंच बोलीत त्याचा असभ्य अर्थही होतो, हे नंतर ध्यानात आलं आणि वाद झडला. तो व्हायलाच हवा होता. शाईच्या फवाऱ्याला फवारा म्हणण्यात कमीपणा कसला?

आयरिसमध्ये कागद फिरत्या पिंपाला गुंडाळला जाई. नंतरच्या प्रिंटरांत तो रबरी रुळांमधून सरकतो, आणि तलम कागदाची खरी परीक्षा इथेच होते. शाईने ओला झालेला कागद फुगून उचलला जातो. त्याला प्रिंटरचं हेड घासतं आणि काळा ओरखडा उमटतो. म्हणून आधाराच्या कागदाला त्याची पुढची कड कमी चिकट टेपने लावतात, हेड आणि कागद यांतलं अंतर वाढवतात, शाईचं प्रमाण उतरवतात. अंतर फार वाढलं तर थेंब भरकटतात आणि रेघ फुटते. कागदावरची सुटी लव आधी मऊ ब्रशने झाडली नाही, तर ती शाईच्या छिद्रात जाऊन बसते. कोणती बाजू छापायची, तेही बोटांनी पाहावं लागतं. जी बाजू वाळताना फळीला चिकटलेली असते, ती अधिक गुळगुळीत.

चार पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन भरतो. कोझोच्या धाग्याची रुंदीही साधारण तेवढीच. थेंब धाग्यावर पडला तर रंग दिसतो, दोन धाग्यांच्या मध्ये पडला तर खाली जातो. डाय शाई धाग्यातून पसरत जाते. पिगमेंट शाईचे कण बरेचसे जागीच राहतात, म्हणून या कागदाला तीच मानवते.

शाई अशी खाली निसटण्यावर बाजाराचा उपाय म्हणजे कागदावर शाई धरून ठेवणारा लेप. बेताचा लेप उपकारकच आहे. पण गडद काळ्याच्या हव्यासापायी जाळी पार लिंपून टाकली, तर उरतो तो एक महागडा फोटो पेपर. रेम्ब्रांटने १६४०च्या दशकापासून डच जहाजांनी आणलेल्या जपानी कागदावर एचिंग छापली, ती कागदाची जात झाकण्यासाठी नव्हे. त्याची ऊब आणि मऊपणा त्याला चित्रात हवा होता.

युनेस्कोने २०१४ साली जपानी कागदकलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन कागदांच्या परंपरा धरल्या. तोसा त्यात नाही. जपान सरकारने मात्र २००१ सालीच तोसा तेंगुजोच्या हातकामासाठी हामादा साजिओ यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला होता.

तलम कागदावर छापून पाहणाऱ्यांनी एक करावं. खालचा आधाराचा कागद टाकून न देता छापलेल्या तावाशेजारी उजेडात धरावा. शाई कुठे थांबली आणि कुठून निसटली, ते त्या दोन कागदांवर धागा न् धागा वाचता येतं. पुढच्या छपाईला शाई किती द्यायची, तेही त्यावरूनच ठरवावं.