डायलवर २०० मीटर, विहीर ६० फुटांची



मागच्या व्हिडिओत टेबलावर जुन्या धाटणीचं डायव्हर घड्याळ जोडून दाखवलं, त्यानंतर बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली. "सर, हे बनवून विकलं तर एका नगामागे किती सुटतात?" सांगतो, आकडे खाली आहेत. पण आधी एका परत आलेल्या घड्याळाचं सांगतो, कारण तो हिशोब मला त्या घड्याळाने शिकवला.

गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीवाल्या तरुणाने माझ्याकडून असंच घड्याळ नेलं. आठ दिवसांनी तो दुकानात आला आणि काही न बोलता घड्याळ काउंटरवर ठेवलं. काचेच्या आत धुकं, डायलला फोड आलेले. मी विचारलं, काय झालं भाऊ? तर म्हणाला, "दादा, डायलवर दोनशे मीटर लिहिलंय. आमची विहीर साठ फुटांची आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. साठ फूट म्हणजे जेमतेम १८ मीटर. डायल मी तयार विकत घेतली होती, आकडा तिच्यावर छापूनच आला होता, आणि मी तो न तपासता पुढे विकला. मागचं झाकण उघडलं तर रबरी रिंग एका जागी चिमटलेली. झाकण मीच लावलं होतं. त्याला पूर्ण पैसे परत दिले. त्या महिन्यात जोडलेल्या बाकीच्या घड्याळांचा नफा त्यात गेला.

आता डायव्हर घड्याळ म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. ब्लँकपेनचं फिफ्टी फॅदम्स १९५३ चं, रोलेक्सचं सबमरीनरही त्याच सुमाराचं. जपानमध्ये सेकोने पहिलं डायव्हर १९६५ मध्ये काढलं, १५० मीटरचं; जमवणारे लोक त्याला ६२मास म्हणतात आणि आज जी "व्हिंटेज लूक" घड्याळं जोडली जातात त्यातली बरीच त्याचीच नक्कल असतात. काचेभोवतीचं फिरणारं कडं शोभेला नाही. पाण्यात उतरताना त्याची खूण मिनिट काट्यासमोर आणायची, म्हणजे खाली किती मिनिटं झाली ते कळतं. म्हणून ते एकाच दिशेने फिरतं. चुकून धक्का लागला तरी वेळ जास्तच दिसावी, कमी दिसू नये.

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५. किमान १०० मीटर, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि प्रत्येक नग सांगितलेल्या दाबापेक्षा सव्वापट दाबावर तपासलेला पाहिजे. प्रत्येक नग, बरं का. लॉटमधला एखादा काढून नाही. आपण सुट्या भागांतून जोडतो ते घड्याळ दिसायला डायव्हर असतं. त्यापुढचं काहीही ग्राहकाला सांगायचं असेल तर ते आपण स्वतः तपासलेलं असायला हवं.

जालन्यात समुद्र नाही, मग हे कोण घेणार, असंही एकाने विचारलं. अहो, आपल्याकडे आधीच्या पिढीने फाव्र-ल्यूबाचं सी चीफ आणि सी किंग घालून आयुष्य काढलं, त्यांनी कुठे समुद्र पाहिला होता? लोक रूपावर घेतात. नुकताच नोकरीला लागलेला, पहिला बोनस मिळालेला, स्मार्टवॉच रोज चार्ज करून कंटाळलेला तरुण हे आपलं गिऱ्हाईक.

जोडणीचं थोडक्यात सांगतो, बाकी व्हिडिओत आहेच. मशीन घ्यायचं सेकोच्या घरचं एनएच३५. ऑटोमॅटिक, २४ ज्वेल, पूर्ण चावी भरल्यावर ४१ तास चालतं. कंपनी स्वतः दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंद फरक मान्य करते, हे ग्राहकाला विकतानाच सांगा. नाहीतर तो मोबाईलशी वेळ लावून चौथ्या दिवशी भांडायला येतो. डायलवर तारखेची खिडकी नसेल तर एनएच३८ घ्या. नाहीतर चावी ओढताना तारखेचा एक रिकामा टप्पा हाताला लागतो आणि जाणकार माणूस लगेच ओळखतो.

डायल २८.५ मिलिमीटरची. काट्यांची भोकं तासाला १.५०, मिनिटाला ०.९० आणि सेकंदाला ०.२० मिलिमीटर. ऑर्डर देण्याआधी हे आकडे विक्रेत्याकडून लिहून घ्या. "सगळ्यांना बसतात" असं सांगणाऱ्याकडून मी एकदा बारा जोड काटे घेतले, ते अजून डबीत पडलेत. आणखी एक, केसची चावी तीनवर आहे की चारजवळ ते बघा. चारजवळच्या केससाठी केलेली डायल तीनच्या केसमध्ये सरळ बसत नाही, मागचे पाय कापून चिकटवावी लागते.

काटे बसवताना नवखे हमखास एक चूक करतात. चावी हळूहळू पुढे फिरवा, तारीख ज्या क्षणी पलटेल तिथे थांबा, आणि मग तिन्ही काटे बारावर बसवा. असं केलं नाही तर तारीख संध्याकाळी सातला बदलते. मी पंखा बंद करून, सकाळी दुकान उघडायच्या आधी हे काम करतो. आपल्याकडच्या धुळीत मे महिन्यात दुपारी घड्याळ उघडणं म्हणजे काचेखाली माती भरून विकणं.

स्टेम कापताना थोडी लांबच ठेवा आणि कानशीने उतरवत या. कमी कापलेली पुन्हा कापता येते, जास्त कापलेली फेकावी लागते.

रेडियम पिवळा पडल्यासारखा क्रीम रंग देऊन नवी डायल जुनी दाखवतात. मला तो प्रकार आवडतो, ग्राहकालाही आवडतो. पण बिलावर "नवीन भाग, जुन्या धाटणीचं" असं लिहा. इथेच आपल्या महाराष्ट्राचं एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवा.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. फाव्र-ल्यूबा तर १८६५ पासून मुंबईत. ही घड्याळं आणि सेको ५ भारतात लाखो हातांवर होती, त्यामुळे जुना माल भरपूर निघाला आणि तो दुरुस्त करणारे तरबेज हातही मुंबईत होते. कारागीर खराब डायल घासून पुन्हा रंगवत, एका घड्याळाची केस, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे जमवून चालू घड्याळ उभं करत. मी म्हणतो ही कमाल कारागिरी आहे. मग ही घड्याळं इंटरनेटवरून परदेशात जाऊ लागली, आणि "मूळ, जुनं, उत्तम अवस्थेत" असं लिहून जाऊ लागली. जगभरच्या जमवणाऱ्यांनी त्याला नाव ठेवलं "मुंबई स्पेशल". हे कौतुकाचं नाव नाही. आज तिकडचा ग्राहक विक्रेता मुंबईचा दिसला की आधी संशय घेतो, आणि जो प्रामाणिक दुकानदार खरं एचएमटी विकतोय त्यालाही भाव पाडून द्यावा लागतो. "डायल नव्याने रंगवलेली" एवढे तीन शब्द जाहिरातीत असते तर हीच घड्याळं थोड्या कमी भावात, पण मानाने विकली गेली असती.

आपण तर सगळंच नवं जोडतोय, आपल्याला लपवायचं काही नाही. फक्त एक पथ्य पाळा. दुसऱ्याचं नाव डायलवर नको. बाजारात रोलेक्स, सेको छापलेल्या डायल सहज मिळतात. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटा मार्क लावणं आणि असा माल विकणं या दोन्हींना सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. "मी फक्त बसवली, छापली नाही" हे तिथे चालत नाही. कोरी डायल घ्या, नाहीतर स्वतःचं चिन्ह छापून घ्या.

आता हिशोब. माझ्या वहीतल्या एका नगाचा घेऊ. मशीन ३,८००. काच आणि कड्यासह केस ६,५००. डायल १,६००, काटे ९००, पट्टा ७००. झाले १३,५००. कुरिअर आणि कस्टमचे धरून १५,०००. विक्री २२,०००. तुम्ही लगेच म्हणाल, सात हजार सुटले!

थांबा. घड्याळावर १८ टक्के जीएसटी आहे. २२ हजार करासकट असतील तर त्यातले ३,३५६ सरकारचे. उरले १८,६४४. खर्च वजा जाता ३,६४४. पॅकिंग आणि पाठवणी ३५०. प्रत्येक नगामागे ८०० रुपये मी वॉरंटीसाठी बाजूला ठेवतो, विहिरीच्या प्रसंगानंतर. हातात राहिले २,४९४. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळालं तर थोडे वाढतात, पण त्याला पक्की बिलं लागतात. वेळ? साडेचार तास, काट्याला ओरखडा गेला नाही तर.

माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण इन्स्टाग्रामवर फोटो टाकून तुम्ही पहिलंच घड्याळ हैदराबादला पाठवलं, तर दुसऱ्या राज्यात माल विकला म्हणून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. हे आधी सीएला विचारा, नंतर नाही.

त्यामुळे फक्त यावर दुकान उभं करू नका असंच मी सांगेन. दुरुस्ती, बॅटरी, पट्टे यावर रोजचा गल्ला चालू द्या आणि महिन्याला तीन-चार नग ऑर्डर घेऊनच जोडा. निम्मी रक्कम आगाऊ. तयार करून शोकेसमध्ये ठेवाल तर भांडवल तिथेच झोपेल.

आणि मी आता दाब तपासायचं हातपंपाचं यंत्र घेतलंय. वर हवा, खाली पाणी. घड्याळ हवेत लटकवून दाब द्यायचा, मग पाण्यात सोडून दाब हळू कमी करायचा. कुठून गळत असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ निघते, आणि ती दिसली की लगेच घड्याळ वर काढायचं. माझं यंत्र सहा बारपर्यंतच जातं, म्हणून मी बिलावर पाचच्या वर लिहीत नाही. डायलवर तर खोलीचा आकडाच नको असं छापणाऱ्याला सांगून ठेवलंय.

अंबडचा तो तरुण दिवाळीच्या आधी पुन्हा आला. या वेळी घड्याळ त्याच्यासमोरच यंत्रात टाकलं, पाच बारला एकही बुडबुडा नाही. बिलावर दाब, तारीख आणि सही केली. त्याने बिल घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "मग आता विहिरीत चालेल ना दादा?" म्हटलं, चावी घट्ट फिरवून खुशाल पोहा. कठड्यावरून उडी मारायच्या वेळी मात्र काढून लहान भावाकडे द्या.