विश्लेषण : रुग्ण घरी स्वतःचे स्वतः किती करू शकतो, हे कसे मोजतात?

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाईक हमखास विचारतात, ‘आता बरे आहेत ना?’ रक्तदाब, साखर आणि स्कॅन यांतून याचे अर्धेच उत्तर मिळते. आंघोळ, कपडे, शौच, जेवण हे सारे दुसऱ्याच्या मदतीशिवाय होते का, हा उरलेला अर्धा भाग. त्याचीही मोजपट्टी आहे. मात्र चौलसारख्या गावात ती जरा डोळसपणे वापरावी लागते.

मोजपट्टी कोणती?

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा कामांची यादी मांडली : आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर नियंत्रण आणि जेवण. दोन वर्षांनी फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १० कामांना मिळून १०० गुण ठेवले. हाच ‘बार्थेल निर्देशांक’. त्यात आंघोळीला ५, जिन्याला १० आणि चालण्याला १५ असे गुण आहेत. हातात काठी असली तरी चालण्याचे गुण कापले जात नाहीत. माणसाचा आधार लागला की कापले जातात.

‘करू शकतो’ की ‘करतो’?

खरी मेख इथे आहे. रुग्णाला काय जमेल हे नव्हे, तर तो रोज प्रत्यक्ष काय करतो, हे नोंदवायचे असते. आपल्याकडे सून मायेने घास भरवते, मुलगा सदऱ्याची बटणे लावतो. गुण घसरतात आणि हळूहळू हाताची सवयही जाते. उलट आजोबा संकोचापोटी ‘सगळे मीच करतो’ म्हणून मोकळे होतात. म्हणून रुग्णाला आणि सांभाळणाऱ्याला वेगवेगळे विचारलेले बरे.

घर बदलले की गुणही बदलतात

समजा, अलिबागच्या रुग्णालयात सपाट फरशीवर चालून रुग्णाने ८० गुण मिळवले. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीतील जुन्या घराला उंच जोते, न्हाणीघर मागे आणि शौचालय अंगणापलीकडे असेल, तर तेच ८० तिथे टिकतीलच असे नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेवर तर नाहीच. उकिडवे बसण्याचे शौचालय आणि जमिनीवरची पंगत यांचा या यादीत वेगळा विचार नाही. त्यामुळे डिस्चार्जआधी घराची रचना फिजिओथेरपिस्टला मोबाइलवर फोटो काढून दाखवावी. न्हाणीत एक दांडी आणि कमोडची खुर्ची एवढ्यानेही फरक पडतो.

१०० गुण म्हणजे एकटे राहता येईल?

नाही. हे बार्थेल यांच्या मूळ लेखातच स्पष्ट केले आहे. स्वयंपाक, औषधे, पैसे, बाजारहाट, फोन यांसाठी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची आठ कामांची वेगळी यादी आहे. गंमत म्हणजे त्या काळी पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे यांचे गुणच लावत नसत! मुले मुंबईत आणि पत्नी हयात नाही, अशा कोकणातील वृद्धाला ही सवलत परवडणारी नाही. भारतातील निरक्षर ज्येष्ठांना परदेशी प्रश्न लागू पडत नाहीत, हे ओळखून हरियाणातील बल्लभगड परिसरात स्थानिक जीवनाला धरून वेगळी प्रश्नावलीही तयार झाली.

गावात हे कोण विचारते?

आशा सेविका तिशीपुढील व्यक्तींचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी काही खास प्रश्न असतात. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का आणि जेवण, कपडे, आंघोळ, शौचालय यांसाठी मदत लागते का, हे त्यांपैकी दोन. ‘नाही, सगळे ठीक’ असे दारातूनच सांगून हा अर्ज उरकू नये.

घरच्यांनी काय लिहून ठेवावे?

नुसता एकूण आकडा नको. कोणत्या कामाचे किती गुण, तेही तारखेसह. दोन रुग्णांचे गुण ६० असतील, पण एकाला जिना जमत नसेल आणि दुसऱ्याला लघवीवर ताबा नसेल, तर दोघांची सोय वेगळी. शिवाय काल जमणारे काम आज अचानक जमेनासे झाले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नवा झटका, जंतुसंसर्ग किंवा औषधाचा त्रास, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.