जिन्याखालचं मीटर कोणाचं?

कळंबोलीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्मार्ट मीटरचा विषय निघाला की आवाज चढतातच. मीटर महावितरणचं की आपलं? सहसा कंपनीचं. पण विद्युत कायदा 2003, कलम 55 बघा: ग्राहक मीटर स्वतः विकत घेऊ शकतो, मग त्याच्या किमतीपोटी अनामत मागता येत नाही. (हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही!)

जून 2024 मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं फडणवीसांनी जाहीर केलं. नंतर आली पोस्टपेड टीओडी (वेळेनुसार दर लावणारी) मीटरं. दिवसा 9 ते 5 सवलत. नोकरदारांच्या घरी तेव्हा चालतो फक्त फ्रिज.

बिल फुगलं तर वायरमनशी हुज्जत नको. मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद नाही मिळाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल.