वाणसामानाच्या पॉइंटांवर विमानातली गादी

परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या दारात एअर होस्टेस आपला पास बघते आणि हसून हात दाखवते. बहुतेकांना उजवीकडे, थोड्यांना डावीकडे. उजवीकडे आपण सगळ्या, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले आणि पर्स पायाशी कोंबलेली. डावीकडे बिझिनेस क्लास. मुलीच्या बाळंतपणाला, मुलाच्या पदवीदानाला म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणी आता अमेरिका-लंडनला जाऊन आल्या आहेत, आणि परत आल्यावर सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, "पायांचे नुसते खांब झाले गं!" डावीकडचं तिकीट उजवीकडच्या तिपटी-चौपटीनं महाग. ते कोण काढणार? कंपनीवाल्यांनी काढावं, नाहीतर सिनेमावाल्यांनी.

गेल्या खेपेला मी मात्र डावीकडे गेले. लॉटरी लागली नाही की जावई श्रीमंत झाला नाही. वाणसामान, विजेचं बिल आणि धाकट्याच्या कॉलेजची फी यांच्यावर जे पॉइंट साठले होते, त्यांवर गेले. कसं, ते सांगते.

ही पॉइंटांची गोष्ट तशी जुनी आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्याकडेच पुन:पुन्हा येणाऱ्या प्रवाशांसाठी एक योजना काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या खात्यात जमा, पुरेसे जमले की तिकीट फुकट. वाणी कायमच्या गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो ना, तसंच. पाहता पाहता सगळ्याच कंपन्यांनी तशा योजना काढल्या. मग बँका आल्या. क्रेडिट कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात आणि बऱ्याच कार्डांचे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून घेता येतात. म्हणजे विमानात पाऊल न टाकताही मैल साठतात.

गृहिणीच्या नजरेनं पाहिलं तर यात किती आहे, हे एका पुरुषानं दाखवून दिलं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरला बाजारात एक जाहिरात दिसली. एका कंपनीच्या खाद्यपदार्थांच्या दहा वेष्टणांवरच्या पट्ट्या पाठवल्या की पाचशे मैल, आणि मे अखेरच्या आत पाठवल्या तर हजार. सूप महाग होतं, पण पुडिंगचा कप अवघा पंचवीस सेंटला. पठ्ठ्यानं दुकानं पालथी घातली आणि १२,१५० कप घेतले! खर्च सुमारे ३,१४० डॉलर, मैल मिळाले बारा लाखांच्या वर. एवढ्या पट्ट्या काढणार कोण? एका धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्या काढून दिल्या आणि पुडिंग संस्थेला दान गेलं. पुढे २००२ च्या एका इंग्रजी सिनेमात हा प्रसंग घेतला. मला यात आश्चर्य एवढंच वाटलं, की हे एखाद्या बाईच्या आधी कसं लक्षात आलं नाही!

आता आपल्या घरात येऊ. पॉइंट असतात, पण ते कोणी बघत नाही. मग एक दिवस बँकेची यादी येते, त्यात मिक्सर असतो, इस्त्री असते, आणि आपण खूश. आमच्याकडेही मायक्रोवेव्ह घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी वहीत हिशेब मांडला. समजा, पॉइंट पन्नास हजार आहेत आणि यादीत एका पॉइंटला पंचवीस पैसे पडतात. झाले साडेबारा हजार. आता समजा, तेच पॉइंट मैलांत बदलले, एकास एक. पन्नास हजार मैलांत जे तिकीट मिळतं ते पैशानं घेतलं तर एक लाखाचं, आणि मैल देऊनही वर कर वगैरे वीस हजार भरावे लागतात. म्हणजे वाचले ऐंशी हजार, पॉइंटमागे एक रुपया साठ पैसे. बँकेनं दोनास एक दराने मैल दिले तरी ऐंशी पैसे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कार्डाचे वेगळे असतील, आणि बँका हे दर अधूनमधून बदलतात (वाढवत नाहीत, कमीच करतात). पण हिशेबाची रीत हीच.

आणि एक गोष्ट अगदी कान धरून सांगते. पॉइंटांसाठी खरेदी करायची नाही. कार्डाचं बिल तारखेच्या आत पूर्ण भरता येत नसेल, तर हा लेख इथेच मिटा. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. असल्या व्याजात कुठलीही गादी मऊ लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे पॉइंट कोणाच्या नावावर आहेत? आपल्या हातात असतं ते बहुधा जोडकार्ड. दळणापासून दागिन्यांपर्यंत खर्च आपण करायचा आणि पॉइंट जमा व्हायचे ते यजमानांच्या खात्यात. आमच्याच सोसायटीतल्या एक काकू. काका दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. तेराव्यानंतर मुलानं कार्ड बंद करायला अर्ज दिला, आणि कार्डाबरोबर ऐंशी हजारांवर पॉइंटही गेले. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. काकू मला म्हणाल्या, "अगं, त्यातलं पाऊण सामान मीच आणलं होतं की." दु:खाच्या दिवसांत पॉइंटांचं काय घेऊन बसलीस, असं कोणी म्हणेल. पण त्याच काकू पुढे मुलाकडे एकट्या गेल्या, मागच्या रांगेत मधल्या खुर्चीत बसून. म्हणून म्हणते, स्वत:चं उत्पन्न असेल तर कार्ड स्वत:च्या नावावर घ्या. नसेल तर निदान विमान कंपनीचं मैलांचं खातं तरी आजच आपल्या नावानं उघडा. त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्यक्ष प्रवासाचे मैल तर जो उडतो त्याच्याच खात्यात जातात. मागे मुलीकडे जाऊन आलात तेव्हा खातं नव्हतं ना? गेले ते मैल!

यजमानांच्या खात्यातल्या मैलांवर आपलं तिकीट काढता येतं, बरं का. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत अशी पाच जणांची नावं नोंदवून ठेवता येतात. पण त्यांचे मैल तीन वर्षांनी संपतात, म्हणून लोणच्यासारखे मुरत ठेवू नका.

जागा मिळवणं ही खरी चिकाटीची गोष्ट. मैलांवर द्यायच्या खुर्च्या प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. कंपन्या साधारण अकरा-बारा महिने आधी तारखा खुल्या करतात. तेव्हा बघायचं, नाहीतर अगदी शेवटच्या आठवड्यांत. मुलीचे दिवस आधीपासून ठाऊक असतात, तो आपला फायदाच. दिवाळी आणि मे महिना सोडा. आणि आधी जागा दिसू द्या, मगच पॉइंट बदला. एकदा मैल झाले की त्यांचे पुन्हा पॉइंट होत नाहीत. शिवाय बदलायला कधी कधी दोन-चार दिवस लागतात, तेवढ्यात जागा गेली तर हात चोळत बसायचं.

कुठलं विमान चांगलं, हे आता विचारालच. कतार एअरवेजचं क्यूसुइट मी स्वत: अनुभवलं, ते पुढे सांगते. सिंगापूरवाल्यांकडे पसंतीचा पदार्थ आदल्या दिवसापर्यंत सांगून ठेवता येतो. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे त्यांचं विमान अठरा तासांहून अधिक उडतं, आणि त्यात साधा वर्गच ठेवलेला नाही! तुर्की विमानात पांढरी टोपी घातलेला आचारी येतो आणि ताटाशेजारी मेणबत्तीसारखा दिवा ठेवतात. माझ्या मावसबहिणीला विमानापेक्षा तो दिवाच जास्त आठवतो. जपानच्या एएनएनं २०१९ मध्ये ‘द रूम’ नावाची अशी रुंद खुर्ची आणली की मांडी घालून बसावं. एअर इंडियाच्या २०२४ पासून आलेल्या एअरबस ३५० विमानांतही सपाट पलंग आणि सरकतं दार आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिचे पॉइंट सिंगापूर, तुर्की, एएनए यांच्या विमानांतही चालतात. हे पुष्कळांना माहीत नसतं.

जेवणाचं सांगून ठेवते. तिकीट काढतानाच ‘एशियन व्हेजिटेरियन’ नोंदवा, जैन हवं असेल तर तसं सांगा. ‘हिंदू मील’ हे नाव ऐकून फसू नका. त्यात गोमांस नसतं एवढंच, मटण, कोंबडी किंवा मासे असू शकतात. आमच्या ओळखीच्या एक आजी त्यात अडकल्या आणि तेरा तास दही-पावावर राहिल्या.

माझा प्रवास मुंबई-दोहा-न्यूयॉर्क. मैल एकाच बिझिनेस तिकिटापुरते होते. मी आपलं नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुम्ही बसा पुढे, मी बसते मागे." हे म्हणाले, "गुडघे तुझे दुखतात की माझे?" तरी मनाला लागतंच हो. ह्यांना मागे बसवून आपण पुढे, लोक काय म्हणतील! पण लोक तिकडे कुठे असतात?

सामानाचीही चैन होती. माझे दोन नग, प्रत्येकी बत्तीस किलो. ह्यांना तेवीस-तेवीसच. डिंकाचे लाडू, भाजणी, मेतकूट, बाळंतविडा सगळं माझ्या बॅगांत आलं. (खायचे पदार्थ अमेरिकेत उतरल्यावर सांगायचे असतात, लपवायचे नाहीत.) दोह्याहून पुढच्या विमानात माझ्या जागेला छोटं सरकतं दार होतं. ते ओढून घेतलं आणि घरातल्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. जेवण आपल्याला भूक लागेल तेव्हा मागायचं. मला जन्मभर इतरांच्या भुकेच्या वेळा सांभाळायची सवय, काय मागावं सुचेचना! रात्री घालायला मऊ कपडे दिले, मुलीनं खुर्चीचा सपाट पलंग करून वर गादी अंथरली. माझं अंथरूण दुसऱ्या कोणी घालावं, हे माझ्या बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. सात तास झोपले. उतरले तेव्हा चपला पायांत नीट गेल्या, आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या स्वयंपाकघरात उभी राहिले.

सामान घ्यायच्या पट्ट्याजवळ हे भेटले, मान वाकडी झालेली. "लागली का झोप?" म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण चेहराच सांगत होता.

पुढच्या वर्षी नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला पुन्हा जायचं आहे. मैल यंदाही एकाच तिकिटापुरते जमले आहेत. आणि या वेळी ह्यांचीही पाठ दुखायला लागली आहे. पुढे कोण बसणार, यावर आमच्याकडे रोज रात्री जेवताना चर्चा चालू आहे.