गोष्टीचा सांधेवाला

दिल्लीहून चेन्नईकडे आणि मुंबईहून हावड्याकडे जाणारे दोन थोर लोहमार्ग नागपुरास एकमेकांस भेटतात. प्रवासी निजलेला असतो. गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची तें पूर्वी सांधेवाला ठरवीत असे, आज यंत्रघरांतून ठरतें. कथाकथनांतही बहुतेक हीच वहिवाट आहे. लेखकानें सांधा धरावा, वाचकानें स्वस्थ बसून राहावें. फांटे फुटणाऱ्या कथाखेळांत मात्र गोष्ट मध्येंच थांबते आणि पुढें कोणीकडे जावयाचें हें खेळणाऱ्यालाच विचारते.

अशा खेळासाठीं ओळखीचा चित्रपटप्रकार घेणें हें कल्पनादारिद्र्य नव्हे. समजा, रहस्यपट घेतला. मध्यरात्रीं गाडी नागपूर स्थानकांत शिरते आणि पहिल्या वर्गांतील एका व्यापाऱ्याची पेटी नाहींशी झालेली आढळते. फलाटावरून एक हमाल गडबडीनें निघून जातांना दिसतो. खेळणारा हाच गुप्तहेर. त्यानें हमालाला अडवावें, कीं गाडी सुटण्यापूर्वी डबा तपासावा? शेंकडों रहस्यपट पाहिलेल्या गृहस्थाला ठाऊक असतें कीं पहिला संशयित बहुधा निर्दोष निघतो. गाडी सुटली कीं पुरावाही गेला, हेंही तो जाणतो. म्हणूनच त्याची निवड ही निवड ठरते. दोन्ही वाटांविषयीं कांहींच अंदाज नसेल, तर ती नुसती नाणेफेक होय.

खरी अडचण गणिताची आहे. प्रत्येक ठिकाणीं दोन वाटा आणि असे दहा फांटे धरले, तर शेवट होतात १०२४ आणि लिहावयाचे प्रसंग २०४७. त्यांतले एका खेळांत दिसावयाचे अवघे ११! एवढें दळण कोणीं दळावें? म्हणून फुटलेल्या वाटा कांहीं अंतरावर पुन्हां एकत्र आणाव्या लागतात.

आणि येथेंच फसवणुकीस जागा आहे. १९६७ सालीं माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनांत, चेकोस्लोव्हाकियाच्या दालनांत, रादुझ चिन्चेरा यांचा ‘किनोऑटोमॅट’ दाखविला जाई. चित्रपट मध्यें थांबे, निवेदक रंगमंचावर येऊन प्रश्न विचारी, आणि प्रेक्षक आसनाजवळचें लाल किंवा हिरवें बटण दाबून कौल देत. मौज अशी कीं कौल कोणताही पडो, कथा त्याच पुढल्या फांट्यावर येई आणि आरंभींच दाखविलेली आग कांहीं टळत नसे. तेथें तो विनोदाचाच भाग होता. रहस्यकथेंत तोच प्रकार केला, तर खेळणारा दुसऱ्या खेपेस उठून जाईल.

उपाय मोठा नाहीं: खेळानें आठवण ठेवावी. वेताळपंचविशींत विक्रम राजा बोलला कीं प्रेत पुन्हां झाडावर जातें. वाट तीच, तरी त्याच्या उत्तरांतून त्याची न्यायबुद्धि दिसलेली असते. येथेंही हमालावर आळ घेतला असेल, तर वाटा जुळल्यावर तो खेळणाऱ्याशीं बोलणार नाहीं, आणि पुरावा दुसरीकडून मिळवावा लागेल; डबा तपासला असेल, तर तोच आपण होऊन, पाहिलेल्या माणसाचें वर्णन करील. प्रसंग एकच, चार वाक्यें निराळीं. परंतु निरपराध माणसाचा केलेला अपमान खरोखरीच महाग पडतो. चोर मात्र सर्व वाटांवर तोच असावा. निवडीप्रमाणें चोर बदलूं लागला, तर दिलेले धागे सारे खोटे ठरतात.

जुळणी करावयास क्रिस क्लिमास यांनीं २००९ सालीं काढलेलें ‘ट्वाईन’ हें विनामूल्य संगणकसाधन पुष्कळांना पुरतें. तथापि पहिला आराखडा चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर मांडणें बरें. एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत दोरा न्यावा, म्हणजे कोठेंच न पोंचणारी वाट डोळ्यांना दिसते. मग गोष्ट न ऐकलेल्या घरच्या माणसाला खेळावयास बसवावें. एखाद्या फांट्यावर तो क्षणभरही न थांबतां वाट धरीत असेल, तर दुसऱ्या वाटेंत कांहीं राम नाहीं असें समजावें, आणि ती चिठ्ठी फाडून पुन्हां लिहावी.