धावून जाणाऱ्यांचे मन

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा त्या नगरीच्या अग्निशमन दलाचे ३४३ जवान कामगिरीवर असतानाच मृत्युमुखी पडले. परंतु त्या ढिगाऱ्यावर पुढे कित्येक महिने जी सहस्रावधी माणसे राबली, त्यांच्या मनाचे काय झाले, याचा पद्धतशीर शोध दोन-तीन वर्षांनी घेतला गेला, आणि त्याचे निष्कर्ष धैर्याविषयीच्या आपल्या रूढ कल्पनांना हादरा देणारे आहेत. २८,९६२ मदतकर्त्यांची ही पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तो प्रसंग इच्छेविरुद्ध पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, झोपेतून दचकून उठणे, त्याचे स्मरण देणारी स्थळे टाळणे, आप्तस्वकीयांविषयीही मन बधिर होणे, अशा लक्षणांवरून आघातोत्तर तणावविकार संभवतो अशी माणसे त्यांत १२.४ टक्के निघाली. मात्र या सरासरीच्या पोटात मोठी तफावत होती: पोलिसांत हे प्रमाण ६.२ टक्के, तर कोणत्याही संस्थेशी संबंध नसताना केवळ स्वयंस्फूर्तीने धावून आलेल्यांत २१.२ टक्के.

पहिल्याच दिवशी तेथे पोहोचणे आणि दीर्घकाळ तेथे राबणे या दोन्हींनी धोका वाढतो, हे अपेक्षितच होते. अधिक विचारणीय बाब ही की, ज्यांना आपल्या नित्याच्या व्यवसायाबाहेरचे काम अंगावर घ्यावे लागले, त्यांच्यातही तो वाढलेला दिसला. प्रशिक्षणाने तयार झालेल्या शिपायाला पुढे काय दिसणार याची थोडीफार कल्पना असते, हुकूम कोणाचा मानायचा हे ठाऊक असते, पाळी संपताच बदली येईल याची खात्री असते. अंतःकरणाच्या ओढीने आलेल्या नागरिकापाशी यांपैकी काहीच नसते. नोकरीच्या चिंतेने पोलीस आपली लक्षणे लपवीत असतील, ही शंका रास्त आहे. तथापि एवढ्या संकोचाने ही सारी तफावत उलगडेल, असे मला वाटत नाही.

ब्रुइन, अँड्र्यूज आणि व्हॅलेंटाइन या संशोधकांनी २००० साली ७७ शोधनिबंध एकत्र तपासले, तेव्हा व्यक्तीचे वय, शिक्षण वा पूर्वेतिहास यांपेक्षा आघाताची तीव्रता, नंतर न लाभलेला आधार आणि त्यापुढची आयुष्यातली ओढाताण यांचा प्रभाव अधिक असल्याचे आढळले. म्हणजे जे सावरतात ते उपजतच वज्राच्या छातीचे असतात असे नव्हे. वरिष्ठाची वागणूक, सहकाऱ्यांची सोबत, वेळेवर मिळालेली रजा आणि घरातला जिव्हाळा यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

घटनेनंतर लगेच साऱ्यांना एकत्र बसवून अनुभव बोलते करण्याचा शिरस्ता १९८३ पासून जेफ्री मिचेल यांच्यामुळे रूढ झाला. हेतू निर्मळ होता. पण आघातग्रस्तांवर झालेल्या एकाच बैठकीच्या अशा प्रयोगांचा २००२ साली आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांनी विकार टळत नाही आणि क्वचित अपायही होतो, असे दिसले. पहिल्या काही आठवड्यांतील अस्वस्थता ही बहुधा मनाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. त्या काळात विश्रांती आणि सुरक्षितता द्यावी, जबरदस्तीने बोलते करू नये, आणि महिना उलटूनही लक्षणे टिकली तर तज्ज्ञाकडून मानसोपचार करावेत, हे आज अधिक ग्राह्य मानले जाते.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. अशा वेळी सरकारी पथक पोहोचण्यापूर्वी माती उपसू लागतात ते वाचलेले ग्रामस्थ आणि शेजारच्या गावांचे लोक, आणि त्यांच्या हातांना लागणारे देह बहुधा परिचितांचेच असतात. न्यूयॉर्कच्या आकड्यांकडे पाहता अधिक काळजी याच लोकांची वाटते. त्यांची नावे कोणत्याही खात्याच्या हजेरीपटावर चढत नाहीत. म्हणूनच महिन्याभराने त्यांच्या दारी जाऊन झोप लागते का, एवढी विचारपूस कोणी करायची, हे प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात नेमके लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे.