बाल्डर्स गेट ३ : विकत घेण्यापूर्वी

कल्पनारम्य जगात भूमिका वठवण्याचा व्हिडिओ गेम घ्यावा की नाही, हे केवळ पुरस्कारांवरून ठरवणे धोक्याचे. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा त्याचा उत्तम दाखला. ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या या गेमने त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम गेमचा मान पटकावला, तरीही तो प्रत्येकाला रुचेलच असे नाही.

येथील लढाई बुद्धिबळासारखी पाळीपाळीने होते. वार लागला की हुकला, हे पात्राच्या कौशल्याबरोबरच २० बाजूंचा फासा ठरवतो. बोटांच्या चपळाईची हौस असणाऱ्यांना ही गती संथ वाटेल. उलट, संवाद निवडून कथेला वळण देण्यात ज्यांना रस आहे, त्यांना पैशांचा पुरेपूर मोबदला मिळतो. चौघे मित्र एकत्रही खेळू शकतात. मात्र संगणकात एसएसडी आणि १५० जीबी मोकळी जागा हवी.

‘स्टीम’वरून घेतलेला गेम २ तासांहून कमी खेळला असल्यास १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. म्हणूनच पात्र सजवण्यात वेळ न दवडता पहिली लढाई गाठावी. कौल तिथेच मिळेल.